बालवर्गाच्या टीचरबाईस

नगर, रविवार रात्र

प्रिय टीचरबाई,

सलाम!

हसू नकोस, यापुढे तुला टीचरबाईच म्हणणार. पाळकसाहेबांनी चर्चच्या रविवारच्या शाळेचा बालवर्ग तुझ्या गळ्यात घातला, आणि तू मला काय विचारतेस, तर "मुलांची मैत्री जुळेल असे दहा खेळ लिहून पाठव." दहा नाहीत गं माझ्याकडे. तीन-चार आहेत, त्यातलेही निम्मे हात पोळून शिकलेले.

पहिल्या रविवारी मी मोठ्या हौसेने संगीत खुर्ची मांडली. तीन ते पाच वर्षांची चौदा मुलं. जी पहिली बाद झाली तिने फरशीवर लोळण घेतली. दुसरा उठला तो थेट उपासनेत, बापाच्या मांडीवर. तिथे नेमकी मध्यस्थीची प्रार्थना चाललेली, आणि हा भोकाड पसरून सांगतोय, "टीचरने मला हाकललं!" त्याचं खरंच होतं. एवढ्याशा पोराला 'बाद' कळत नाही, आपल्याला घालवून दिलं एवढंच कळतं. आता मी खुर्च्या काढून टाकल्यात. चादर अंथरायची, गाणं थांबलं की सगळ्यांनी तिच्यावर उभं राहायचं. मग चादरीची निम्मी घडी, पुन्हा निम्मी. बाद कुणीच नाही, चादर मात्र आटत जाते. शेवटी एकमेकांना कवळा घातल्याशिवाय मावतच नाहीत, आणि धडपडून पडली तरी खिदळत पडतात.

नावांसाठी चेंडू घे. गोल करून, पाय फाकवून बसवायचं. ज्याच्याकडे चेंडू सोडायचा त्याचं नाव घ्यायचं. चेंडू फेकायचा नाही, जमिनीवरून घरंगळत सोडायचा. माझ्या वर्गात दोन महिने सगळेच एकमेकांना "ए" म्हणत होते. मामाचं पत्र मात्र पाच पूर्ण झालेल्यांसाठी ठेव. तीन वर्षांच्याला पाठीमागे रुमाल सापडला तर तो पळत नाही, त्याला नाक पुसतो.

आणि दोघं पाठीला पाठ लावून आपापले ठोकळे रचत बसले असतील तर "चला, मिळून खेळा" म्हणून मागे लागू नकोस. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन बाईंनी अशी लहान मुलं खेळताना निरखून 1932 साली लिहून ठेवलंय की मुलं आधी एकेकटी खेळतात, मग शेजारी-शेजारी, आणि खरोखर मिळून खेळायला लागतात ती बऱ्याच उशिरा. शेजारी बसणं हीसुद्धा त्यांच्या हिशेबी ओळखच.

आता माझा लाडका खेळ. पुन्हा तीच चादर. मधे बाहुला निजवायचा, चार कोपरे चौघांच्या हातात, आणि दारापासून टेबलापर्यंत न पाडता न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. एक पुढे ओढतो, एक उभाच राहतो, बाहुला धपकन खाली. माझ्याकडे एक ढकलाढकली करणारा पठ्ठ्या आहे. त्याच्या ओढण्याने बाहुला तीनदा पडला. चौथ्यांदा समोरची मुलगी रागावून म्हणाली, "हळू ना! तो आजारी आहे." पठ्ठ्या थबकला. कोपरा खाली ठेवून त्याने खिशातला रुमाल काढला, बाहुल्याच्या पोटावर पांघरला, आणि मग असा पाय मोजत चालला, जसं काही भरलेलं पातेलं नेतोय. गोष्ट त्यानंतर सांगायची, आधी नाही: बायबलातलं मार्काचं शुभवर्तमान, दुसरा अध्याय, कफर्णहूम गावातलं ते घर, छप्पर उसकटून पक्षघाती मित्राला खाली सोडणारे चौघे. त्या चौघांची नावं शुभवर्तमानात नाहीत. "कोण होते गं ते?" विचारलं की मुलं बेधडक आपलीच नावं सांगतात!

योनाथान-दावीदाचा खेळ मात्र करू नकोस. बायबलात योनाथानाने आपल्या मित्राला, दावीदाला, अंगरखा, तलवार, धनुष्य, कमरपट्टा दिला म्हणून मी स्वेटरांची अदलाबदल करवली. संध्याकाळी दोन आयांचे फोन. स्वेटर परत मिळाले, पण एकीने मला पुढचे दोन रविवार सलाम केला नाही.

वरची मंडळी विचारतील, पाठांतर कुठाय? सांग त्यांना, रॉबर्ट रेक्सने 1780 साली इंग्लंडात ग्लॉस्टरला रविवारची शाळा काढली ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना वाचता यावं म्हणून. आपली पोरं आठवडाभर शाळेतच असतात. रविवारी पुन्हा तेच कशाला? एखादं वचन पुरे.

चादर जुनी घे, डबल बेडची, सुती. नायलॉनची हातातून निसटते. आणि मणी, बटणं, नाणी असलं काही वर्गात दिसू देऊ नकोस. का ते तुला सांगायला नको. आपल्या बालवर्गात माझं अर्पणाचं चार आण्याचं नाणं कुणी गिळलं होतं? हिशेब अजून बाकी आहे.

तुझीच,
चार आणेवाली