तो डाएटचा कागद बाजूला ठेव

शिवाजी पेठ, कोल्हापूर

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार वि. वि.

परवा तू फोनवर ‘सगळे ठीक आहे’ म्हणालास आणि मीही तेच धरून बसलो होतो. पण काल वहिनींचा फोन आला. मागच्या आठवड्यात कार्यालयाचा जिना चढताना तुला दरदरून घाम सुटला, हात कापू लागले आणि मधल्याच पायरीवर भिंतीला टेकून बसावे लागले, हे त्यांच्याकडून कळले. त्यांनी तुझ्या डाएटच्या कागदाचा फोटोही पाठवला. दिवसाला १,२०० कॅलरी, सकाळी ओट्स, दुपारी एक फुलका आणि काकडी, रात्री नुसते सूप. तो कागद वाचल्यापासून जिवाला घोर लागला आहे, आणि फोनवर हे धड बोलता येणार नाही म्हणून सविस्तर लिहायला बसलो आहे.

आधी एक काम कर. तू मधुमेहाच्या गोळ्या घेतोस. त्यांपैकी काही गोळ्या अशा असतात की, जेवण एकदम निम्म्यावर आणले आणि गोळी मात्र तेवढीच राहिली, तर रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली जाते. घाम, थरथर आणि डोळ्यांपुढे अंधारी ही त्याचीच लक्षणे आहेत. तुझ्या बाबतीत तेच घडले, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण ही गोष्ट उद्याच्या उद्या तुझ्या डॉक्टरांच्या कानावर गेली पाहिजे. तोवर एकही जेवण चुकवू नकोस आणि खिशात साखरेची पुडी ठेव. बाकीचे पत्र त्यानंतर वाचलेस तरी चालेल.

चार वर्षांपूर्वी मीही असाच एक कागद घरी आणला होता, हे मी तुला कधी सांगितले नाही. तेव्हा माझे वजन ९४ किलो होते. भात बंद, गूळ बंद, मटण बंद, रात्री उकडलेली भाजी. साडेतीन महिन्यांत ११ किलो उतरले आणि शाळेतले सहकारी कौतुकाने कमरेचा पट्टा बघायला येऊ लागले. पण त्याच दिवसांत घरातील सगळे झोपले की मी दिवा न लावता स्वयंपाकघरात जात असे आणि भडंगाचा डबा उघडत असे. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून डबा पोटाशी धरून उघडायचा, उभ्यानेच मूठ भरून तोंडात टाकायची. आणि खरे सांगतो, दुसऱ्या मुठीपासून त्याची चवही कळत नसे. दुपारच्या सुट्टीत मी मोबाइलवर रस्सा करण्याचे व्हिडिओ एकामागून एक पाहत बसे. घरी बायको-मुलांवर विनाकारण डाफरलो, त्याची खंत अजून मनातून जात नाही. शेवटी एका लग्नाच्या निमित्ताने तो कागद सुटला, तो सुटलाच, आणि सात-आठ महिन्यांत काटा ९७ वर गेला. माझ्या मनात बळ नाही, असा त्याचा अर्थ मी लावला.

तो अर्थ चुकीचा होता, हे मला पुढे एका जुन्या प्रयोगाविषयी वाचताना कळले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, उपासमारीने खंगलेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अन्सेल कीज या संशोधकाने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांना दिवसाला साधारण १,५७० कॅलरी मिळत. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले, पण ते चिडके आणि उदास झाले, अन्नाखेरीज त्यांना दुसरा विषय सुचेना, आणि स्वयंपाकाशी ज्यांचा कधी संबंध आला नव्हता असे तरुण पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसू लागले. प्रयोग संपून भरपेट जेवण मिळू लागले तरी कित्येकांची भूक शमेना, आणि काहींच्या अंगावर पूर्वीपेक्षाही जास्त चरबी चढली. ते तरुण मुळात सडपातळ होते आणि आपण तसे नाही, त्यामुळे ही तुलना तंतोतंत लागू पडत नाही, हे मला मान्य आहे. तरीही रात्रीच्या भडंगाचे आणि दुपारच्या त्या व्हिडिओंचे कोडे मला तिथे उलगडले. अन्न एकाएकी तुटले की शरीर आपला खर्च आवरते, चरबीतून येणारे, भूक आवरणारे लेप्टिन घटते, जठरातून येणारे, भूक चेतवणारे घ्रेलिन वाढते आणि भूक दिवसरात्र पाठ सोडत नाही. तुझ्या कागदावरचा आकडा तर त्या तरुणांच्या आकड्याहूनही लहान आहे.

माझ्यात बदल घडला तो एका दाढेमुळे. उजवीकडची खालची दाढ काढावी लागली आणि पुढचे काही आठवडे डाव्या बाजूनेच चावायचे, असे दातांच्या डॉक्टरांनी बजावले. पहिले आठ दिवस मऊ भातावर काढले. मग एका रात्री ज्वारीची भाकरी आणि अख्ख्या मसुराची आमटी पुढे आली. भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून, तो भिजेपर्यंत थांबून, एका बाजूने हळूहळू चावत मी जेवत होतो आणि सहज घड्याळाकडे लक्ष गेले, तर पंचवीस मिनिटे झाली होती. एरवी बातम्या बघत मी सात-आठ मिनिटांत ताट रिकामे करत असे. त्या रात्री दुसरी भाकरी मोडलीच नाही. कोणी अडवले नव्हते, मी मनाला आवरही घातला नव्हता. मला ती नको होती, एवढेच. दोन भाकऱ्या आणि वर भात हा माझा तीस वर्षांचा नेम होता. तो एका दुखऱ्या हिरडीने मोडावा, याचे मला फार नवल वाटले.

जेवण आतड्यात पोहोचू लागले की तिथून काही संप्रेरके रक्तात मिसळतात आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत नेतात. या सगळ्याला साधारण वीस मिनिटे लागतात. आपण आठ मिनिटांत हात धुऊन उठतो, तेव्हा तो निरोप अजून वाटेतच असतो. तू ज्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांबद्दल विचारले होतेस, तीदेखील जीएलपी-१ नावाच्या अशाच एका संप्रेरकाची नक्कल करतात. ती घ्यावीत की नाही, हे तुझ्या डॉक्टरांनी तुला तपासून ठरवावे. त्यात मी बोलू नये.

आपल्या दोघांच्या बाबतीत मला आणखी एक गोष्ट जाणवते. आपण तालमीतले. पहाटे जोर-बैठका, लाल मातीत तासभर घाम, मग थंडाई, बदाम, आणि संध्याकाळी कट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध. अंगाला ते सगळे लागत होते, कारण अंग तेवढे राबत होते. तू नोकरीसाठी पुण्याला गेलास, मी शाळेत शिकवू लागलो, लंगोट खुंटीवर गेला. पण ताटाचा आकार तोच राहिला. समोरच्या गड्याचा तोल कुठे जातो आहे, हे आपल्याला नुसत्या हाताच्या स्पर्शावरून कळत असे. स्वतःच्या पोटात भूक आहे की नाही, हे मात्र मला पन्नाशी उलटेपर्यंत नीट ओळखता येत नव्हते.

ते ओळखता यावे म्हणून मी एक पाठकोऱ्या कागदांची वही केली. तिच्यात कॅलरी लिहिल्या नाहीत, वजनही लिहिले नाही. खाण्याआधी फक्त एक शब्द लिहायचा : भूक, कंटाळा, राग किंवा आग्रह. पहिल्या महिन्यातच कळले की संध्याकाळी सहाच्या चहाबरोबर मी जे बटर आणि फरसाण खात होतो, त्यापुढे ‘भूक’ हा शब्द क्वचितच येत होता. दिवसभर मुलांपुढे बोलून घरी आल्यावर मला थोडा वेळ कोणाशी न बोलता बसायचे असे, आणि त्या बसण्याला निमित्त म्हणून मी खात असे. आता मी ते बसणे तसेच ठेवले आहे, सोप्यावर, वाटीभर भाजक्या शेंगदाण्यांसह, आणि कधी त्यांच्याविनाही. चहाचेही तेच. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे म्हणजे बारा चमचे साखर, आणि त्यातले चार कप तरी मी वर्गपाठ तपासताना प्यायलो हे मला आठवतही नसे. आता तीन कप घेतो, पण हातातले काम खाली ठेवून.

तू विचारशील की मटणाचे काय? गड्या, मटण मी एकाही आठवड्यात सोडलेले नाही. फरक खाण्याच्या रीतीत आहे. रविवारी ताट आले की पहिल्यांदा पांढऱ्या रश्श्याची वाटी दोन्ही हातांनी उचलतो. अळणीचा, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्याचा, वास वेगळा येतो, नारळाच्या दुधाचा वेगळा. पहिल्या घोटाला लवंग-दालचिनी कळते, घोट उतरल्यावर घशात मिऱ्याची ऊब राहते, आणि खसखशीचा बारीक रवाळपणा जिभेवर सगळ्यात शेवटी सापडतो. पन्नास वर्षे हा रस्सा प्यायलो, पण तो रवाळपणा मला या दोन वर्षांतच कळला. मग तांबडा, मग सुक्के आणि भाकरी. असे लक्ष देऊन जेवताना एक गोष्ट ध्यानात येते की, तिसऱ्या-चौथ्या वाटीला पहिल्या वाटीची चव नसते. रस्सा तोच असतो, पण जीभ त्याला सरावलेली असते. पूर्वी ती पहिली चव पुन्हा सापडेल या आशेने मी वाटीमागून वाटी घेत होतो. आता दोन वाट्यांवर थांबतो आणि त्या थांबण्यात मन मारल्यासारखे काही वाटत नाही. मिसळीचेही तसेच : कट पुन्हा मागवत नाही, ब्रेडचे दोन स्लाइस घेतो, आणि समोरच्या माणसाशी बोलायचे असेल तर घास गिळून बोलतो.

सगळ्यात जड गेला तो आग्रह. आपल्या कोल्हापुरात पाहुण्याने नको म्हटले की घरच्या बाईला स्वयंपाक फसल्यासारखे वाटते, आणि तिचे मन मोडण्यापेक्षा आपण पोट ताणतो. शिवाय ‘ताटात टाकायचे नाही’ हे आईने लहानपणापासून मनावर ठसवलेले. अन्न टाकू नये, हे मी आजही मानतो आणि मुलांनाही तेच सांगतो. म्हणूनच आता मी पहिल्या वाढपातच कमी घेतो आणि हवे असेल तर स्वतःहून मागतो. स्वतः मागितलेली अर्धी भाकरी पाहून वाढणारीचा चेहरा जितका खुलतो, तितका बळेच वाढलेल्या दोन भाकऱ्यांनी खुलत नाही, असा माझा अनुभव आहे. आमच्या थोरल्या वहिनींना मात्र हे पटायला सहा महिने लागले.

आजोबांचे जेवायला बसणे तुला आठवते का? आमच्या माजघरात पाट मांडून ते ताटाभोवती पाणी फिरवत, उजव्या हाताला भाताची चार-पाच शिते ओळीने ठेवत, डोळे मिटत, आणि मगच पहिला घास घेत. आपण दोघे ती चित्राहुती कधी संपते याची वाट बघत बसत होतो. आज मला वाटते की त्या अर्ध्या मिनिटात ते शेतावरून, भाऊबंदकीच्या कटकटीतून ताटापर्यंत येत असत. आधीचे जिरल्यावरच जेवावे, फार भरभर जेवू नये आणि फार रेंगाळूही नये, मन अन्नावर ठेवावे, हे चरकसंहितेतही स्पष्ट सांगितले आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये ताणतणावाच्या रुग्णांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात एकच मनुका हातात घेऊन तिच्याकडे बघत, वास घेत, अगदी सावकाश खायला लावतात. मी तासगावचा बेदाणा घेऊन ते करून पाहिले. एका बेदाण्याला तीन मिनिटे लागली. रोज तसे जेवायचे नसते, पण एकदा करून बघ.

या सगळ्यातून काय हाती लागले, तेही खरे खरे लिहितो, कारण तुला चमत्काराची आशा लावायची नाही. दाढेच्या त्या रात्रीला आता वीस महिने झाले. ९७ किलोवरून मी ८५ वर आलो आहे, म्हणजे महिन्याला सरासरी ६०० ग्रॅम. दिवाळीत काटा जागचा हलला नाही, आणि आईच्या आजारपणात तीन किलो परत चढले, कारण त्या दिवसांत वहीतले सगळे शब्द ‘काळजी’ असेच होते आणि तो शब्द मी तिथेच पहिल्यांदा लिहिला. लक्ष देऊन खाल्ल्याने वजन झपाट्याने उतरते, असे अभ्यासही सांगत नाहीत. ताणाने, बकाबका खाणे मात्र त्याने कमी होते, आणि माझे मूळ दुखणे तेच होते. आपल्या भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे डॉक्टर मानतात. माझा ९६ आहे, तेव्हा अजून वाट बाकी आहे. रोज संध्याकाळी रंकाळ्यावर चालतो, आठवड्यातून तीनदा घरातच बैठका मारतो. गुडघे कुरकुरतात म्हणून वीसच्या वर जात नाही. भडंगाचा डबा स्वयंपाकघरात ओट्यावरच असतो. हवे तेव्हा ताटलीत घेऊन, दिवा लावून, बसून खातो.

तुला मधुमेह आहे, त्यामुळे तुझे ताट माझ्यासारखे असावे असे मी म्हणत नाही. किती भात, किती भाकरी, कोणत्या वेळी, हे तुझ्या डॉक्टरांशी बसून ठरव. पण जे काही ठरेल ते तुला पुढची वीस वर्षे आनंदाने जेवता आले पाहिजे. त्या कागदावर तू सहा आठवडे काढलेस, आणि त्यात वहिनींच्या हाताचे एकही जेवण तू घरच्यांबरोबर बसून जेवला नाहीस, असे त्या सांगत होत्या. बोलताना त्यांचा आवाज भरून आला होता.

इकडे गुऱ्हाळे सुरू झाली आहेत. पुढच्या महिन्यात अंबाबाईच्या दर्शनाला येणार म्हणालास, तर रविवार धरून ये. सकाळी खासबागेवरून चालत जाऊन आपली तालीम बघून येऊ, दुपारी घरी जेवू, आणि पांढरा रस्सा मी स्वतः करीन. डॉक्टर काय म्हणाले आणि साखरेचा आकडा किती आला, तेवढे मात्र यायच्या आधी, याच आठवड्यात कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
तालमीतला जोडीदार