दिग्या, तुझा पट्टा आम्ही पळवला

कोल्हापूर
रविवार, रात्रीचे साडेअकरा

दिग्या भावा,

चार महिने झाले, ना फोन ना मेसेज. तुझ्या वाढदिवसाला पण नुसता केकचा फोटो टाकून मोकळा झालो, त्याची लाज वाटतेय. आज लिहायला बसलोय कारण गेल्या रविवारी जे झालं ते इथं कुणाला सांगून कळत नाही. हिला सांगितलं तर म्हणते पोरीला, चिमीला, सॉरी म्हणा आणि झोपा. बंड्याला सांगायला गेलो तर तो मिसळ मागवतो, त्याच्याकडं सगळ्या दुखण्यावर तेवढंच औषध आहे. तब्येत बरी, आईचं बीपी गोळीवर, माझी पोटरी अजून धरलेली. बास.

आधी कबुली देतो. आम्ही रिले केली. तीच, तुझी. शिवाजी पूल ते पन्हाळा आणि परत, चौघांची टीम, प्रत्येकाला साधारण दहा किलोमीटर. रंकाळ्याच्या पळायच्या ग्रुपमधल्या सहा टीम उतरल्या. तुझ्या गच्चीवर त्या रात्री तू जपानची ती हाकोनेची एकिदेन दाखवली होतीस, बॅटनऐवजी खांद्यावरचा कापडी पट्टा पुढच्याला देत पळायची रिले, 1920 पासून चाललेली, कॉलेजची दहा-दहा पोरं, दोन दिवस, 217 किलोमीटर, आणि पाचव्या टप्प्याला डोंगर चढणारं ते काटकुळं पोरगं. तेव्हा तूच म्हणाला होतास, आपल्याला पन्हाळा आहे की मर्दा, आपण का नाही करायची. आणि मागचा गडी ठरल्या वेळेत आला नाही तर पुढच्याला टीमचा पट्टा न घेताच सोडतात, ते बघून तुझ्या डोळ्यात पाणी आलेलं. वहिनी हसलेल्या, मी नव्हतो हसलो.

तुला कळवलं नाही ते तुझ्या गुडघ्यामुळं. ऑपरेशन झालेल्या माणसाला "तुझी रिले करतोय" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगायला पाहिजे होतं. मास्तर दोनदा म्हणाले दिग्याला फोन लाव, मी उद्या-उद्या करत राहिलो.

पट्टा हिनं शिवला, महाद्वार रोडवरनं आणलेल्या लाल कापडाचा, आणि मधे तुझ्या जुन्या फुटबॉलच्या जर्सीचा 7 नंबर कापून लावला. (जर्सी माझ्याच कपाटात होती, तू उगाच बंड्यावर आळ घेत होतास इतकी वर्षं.)

तर ऐक. सहाला मास्तर निघाले, केर्लीच्या पुढं माझ्या हातात पट्टा दिला तेव्हा सहा पंचावन्न, एकदम घड्याळासारखं. चढ माझ्याकडं. वर बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ चिमी उभी, उतार तिचा, आणि शेवटचा सपाट टप्पा बंड्याचा. नियम तुझाच ठेवलेला, आठ वीसला वर जे कुणी थांबलेत त्यांनी पट्टा असो नसो निघायचं, आणि साडेदहाच्या आत पुलावर पोचलं नाही तर टीम बाद. पाऊस तर असला की चष्मा काढून पळालो, सगळं सारखंच दिसत होतं.

पहिले तीन किलोमीटर मी किलोमीटरला सहा मिनिटांच्या पेसनं मारले. भारी वाटत होतं, खरंच, पाच वर्षांत एवढं हलकं वाटलं नव्हतं. वाघबीळच्या वर उजव्या पोटरीत गोळा आला तो असा की पायाचा अंगठा आपोआप खाली वळला आणि सरळच होईना. आदल्या रात्री नुसतं पाणी ढोसलेलं, मीठ काही नाही, आणि पावसात घाम दिसत नाही म्हणून जातच नाही असं वाटतं. कठड्यावर बसलो, ताणलं, चाललो, परत बसलो. बाकीच्या पाचही टीमची पोरं एकेक करून पुढं गेली, प्रत्येकजण "काका काय झालं" विचारत थांबत होता, मी जा जा करत होतो. फोन बंड्याच्या बॅगेत.

वर पोचलो तेव्हा आठ एक्कावन्न. धुकं एवढं की पुतळा आधी दिसलाच नाही, चिमी दिसली. एकटी. बाकीचे पाचही उतरून गेलेले. केस चपटे झालेले, ओठ निळे, दोन्ही हात काखेत दाबून जागच्या जागी उड्या मारत होती. अर्ध्या तासावर उभी होती रे ती तशी.

आणि मी तिला पहिलं वाक्य काय बोललो माहितेय?

"मी थांब म्हटलं होतं काय?"

तुझ्या अंगावर काटा आला असणार. 2013, सातारा, यवतेश्वरचा घाट चढून वर गेल्यावर कासच्या रस्त्याला तू माझ्यासाठी थांबलेलास. दोन तासांच्या आत हाफ मॅरेथॉन मारायची तुझी तयारी होती, सहा महिने पहाटे उठून केलेली, आणि माझ्यापायी सगळी घालवलीस. तेव्हा हेच वाक्य, ह्याच आवाजात. तू म्हणालेलास, "तू म्हणायची वाट बघत बसलो तर झालंच मग." येताना गाडीत सातारा ते कराड कुणी बोललं नाही, आणि नंतर दोन महिने आपण गंगावेशीत दूध प्यायला वेगवेगळ्या वेळेला जात होतो, गवळ्यानं पण विचारलं होतं भांडण झालंय काय म्हणून. मी कधी सॉरी म्हटलं नाही. तू पण विषय काढला नाहीस. मला वाटलं मिटलं.

चिमी काही बोलली नाही. पट्टा माझ्या गळ्यातनं स्वतःच काढून घेतला, खांद्यावर टाकला, गाठ ताणली आणि गेली. काय उतरली ती दिग्या! तू शिकवल्यासारखी, छोटी पावलं, अंग किंचित पुढं, कुठं ब्रेक दाबणं नाही. दहा किलोमीटर बावन्न मिनिटांत, त्या पावसात. बंड्यानं पण जीव तोडून पळून तासाभरात उरकलं, पोट सांभाळत. पुलावर पोचलो दहा त्रेचाळीसला. तेरा मिनिटांनी बाद. ती आठ वीसला निघाली असती तर पट्ट्याशिवाय का होईना पण वेळेत बसलो असतो, हा हिशोब सगळ्यांनी मनात केला आणि कुणी बोललं नाही, फक्त मी बोललो. परत. सगळ्यांच्या समोर. नियम कशासाठी असतो वगैरे.

तेव्हा ती म्हणाली, "वर आलेल्या प्रत्येकाला विचारत होते बाबा कुठायत. सगळे सांगत होते, कठड्यावर बसलेत. मी कशी जाणार होते?"

मी रागावलो कशाला, हे मला आठ दिवसांनी थोडंथोडं कळतंय. तिनं नियम मोडला म्हणून नव्हे. मी लंगडत वर येताना तिनं बघितलं म्हणून. तुझ्यावर पण त्याचसाठी चिडलो होतो, आता लिहिताना हात जड झालाय. तुला मी दोन महिने गमावलं होतं, पण तू मित्र होतास, परत आलास. पोरगी सोळाची आहे, तिच्या मनात काय बसलं असेल? थांबणं चुकीचं असतं, असं बापानंच शिकवलं असं झालं ना?

आठ दिवस झाले, ती रंकाळ्याला आलेली नाही. मांड्या दुखतायत म्हणते. पहिले दोन-तीन दिवस खरंच दुखत असणार, उतारावर स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो म्हणून दुखणं दुसऱ्या दिवशी वाढतं, पण आठ दिवस? माझ्याशी बोलते, जेवायला या, चार्जर कुठाय, एवढंच. त्या लाल कापडाचा रंग गेला सगळा. तिच्या पांढऱ्या टी-शर्टवर डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत तिरका लाल पट्टा उमटलाय, आणि जिथं तुझा 7 होता तिथं चौकोन कोरा राहिलाय. ही धुवायला घेत होती तर चिमीनं हातातनं ओढून घेतला. गॅलरीत दोरीवर तसाच आहे. मी रोज पहाटे बूट घालताना बघतो.

तुझं नवीन ऑफिस कसं आहे? बेंगळुरूच्या ट्रॅफिकचं रडगाणं बंड्याकडनं कळलं. वहिनींच्या आईंचा मोतीबिंदू झाला का? धाकट्याची दहावी यंदाच ना, त्याला शुभेच्छा सांग, तुझ्यासारखं गणित करू नको म्हणावं.

एक काम कर. चिमीला फोन लाव. माझं नाव काढू नकोस, मी तिच्याशी बोलेन ते माझं मी. तू फक्त उताराचं विचार, घाटातल्या वळणांवर आत धरलं का बाहेर धरलं ते विचार, बावन्न मिनिटं कशी मारली ते तुलाच सांगायला तिला आवडेल. संध्याकाळी सातनंतर कर, क्लास असतो.

आणि साताऱ्याचं सॉरी. बारा-तेरा वर्षं उशिरा.

तुझा,
सुन्या

ता. क. 7 नंबर उसवून ठेवलाय, गणपतीत आलास की देतो. बंड्याला जर्सीचं सांगू नकोस अजून.