पेटी गार झाली, वाळवीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात स्थानिक पानावर अभियांत्रिकीच्या मुलांनी लाकडाच्या भुशापासून उष्णतारोधक फळी केल्याची बातमी वाचली. मुलांचे कौतुक आहेच, तुमचे मात्र करवत नाही. 'आता एसीला रामराम' असा मथळा ठोकून दिलात, आणि फोटोत काय, तर फळ्यांची एक पेटी, वर पेटलेला बल्ब आणि आत खुपसलेला थर्मामीटर. पेटी दहा अंशांनी गार राहिली म्हणून खोलीही राहणार? मे महिन्यात बडोद्याचा पारा ४३ ला टेकतो, तेव्हा खोलीत माणसे असतात, फ्रिज असतो, उघडझाप करणारी खिडकी असते. असला थर गारवा तयार करत नाही, उष्णतेला आत यायला उशीर लावतो. एवढे तरी त्या मुलांनी तुमच्या वार्ताहराला नक्की सांगितले असणार.

मी चिडायला कारण आहे. दांडिया बाजारात आमचे बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, डोक्यावर थेट स्लॅब. एका ठेकेदाराने 'इको-फ्रेंडली' म्हणत भुशाच्या फळ्या छताला ठोकून दिल्या. भाव थर्माकोलच्या दुपटीहून जास्त. चाचणीचा रिपोर्ट मागितला तर गुळगुळीत माहितीपत्रक हातात ठेवले, त्यावर एक हिरवे पान. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी गावात शिरली, त्या पावसात आमचा स्लॅब एका कोपऱ्यात झिरपला. फळ्या फुगल्या, सांधे उघडले. दिवाळीच्या साफसफाईत जाळी काढायला झाडू लावला, तर कोपऱ्याचा तुकडाच अंगावर आला. वरचा रंग शाबूत आणि आत वाळवीच्या मातीच्या बारीक नळ्या! ठेकेदाराला बोलावले. मान वर करून बघितले आणि शांतपणे म्हणतो कसा, "काका, आ तो नॅचरल मटिरियल छे, उधई तो आवे ज ने!" त्यानंतर साहेबांनी फोन उचललेला नाही.

तेव्हा वार्ताहराने विचारायचे होते ते मी विचारतो. फळीत बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड घातले आहे का? त्याने वाळवी आणि आग दोन्हींना आळा बसतो, पण ते पाण्यात विरघळते; छत गळले की औषध धुऊन जाणार, त्यावर मुलांनी काय केले? भुसा चिकटवला कशाने? फॉर्माल्डिहाइड या विषारी रसायनाच्या रेझिनने (डिंकाने) असेल तर पर्यावरणाचे गोडवे जरा जपून गा. उष्णतावाहकता, म्हणजे फळीतून उष्णता किती सहज जाते तो आकडा, किती आली? जितकी कमी तितकी बरी. चांगल्या लाकूडतंतूंच्या फळीची साधारण ०.०४ ते ०.०५ वॅट प्रति मीटर-केल्विन असते आणि थर्माकोलचीही ०.०४ च्या आगेमागेच, म्हणजे नुसत्या या आकड्यावर लाकूड जिंकत नाही. लाकडाची खरी बाजू अशी की फळी वजनाला भारी आणि किलोमागे उष्णताही जास्त धरते, म्हणून दुपारची झळ खाली उतरेपर्यंत दिवस कलतो. त्यातही ती स्लॅबच्या वर, चायना मोझेकच्या (गच्चीवरच्या फरशीच्या तुकड्यांच्या थराच्या) खाली घातली तर स्लॅबच तापत नाही. मात्र मग वॉटरप्रूफिंग चोख हवे. अशा दोन ओळी दिल्या असत्या तर आमच्यासारख्यांचे पैसे वाचले असते.

ते राहिले बाजूला. बातमीत चार पाहुण्यांची नावे पदांसकट, सत्कार, शाल, श्रीफळ. फळी ज्यांनी केली ते मागच्या रांगेत उभे, नुसते 'विद्यार्थी'. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा काढली त्या गावात, हाताने काम करणाऱ्यांची ही किंमत!

जाता जाता: गच्च्यांवरच्या पाण्याबद्दलचे माझे मागचे पत्र तुम्ही असे छाटलेत की मी महापालिकेची स्तुती केल्यासारखे वाटले. शेजारी अजून अभिनंदन करतात. या वेळी कात्री लावायचीच असेल तर ठेकेदाराला लावा, बोरॅक्सला नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार
दांडिया बाजार, बडोदे