दीड पौंडात पणजोबा

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झाल्यापासून आपल्या जिल्ह्यात सगळ्यांनाच जुन्या कागदाचं महत्त्व कळायला लागलंय. कोतवाल बुक काय, गाव नमुना चौदा काय, शाळेचं जनरल रजिस्टर काय, ज्या वह्यांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं त्यांची पानं स्कॅन होऊन वेबसाईटवर चढली, मोडी वाचणाऱ्याला भाव आला. चांगलंच झालं. पण हे सगळं दाखल्यापुरतं. त्याच वह्यांत बाकीचे हजारो लोक पण आहेत की ओ, आणि त्यांच्यातलं एखादं नाव शोधायला सहज कोणी गेलं तर त्याला काय उत्तर मिळतं ते सांगायला हे पत्र लिहितोय. त्यासाठी आधी जरा स्कॉटलंडला जाऊन यावं लागेल, कंटाळू नका.

माझी भाची डंडीला नर्स आहे. डंडी म्हणजे एकेकाळचं ज्यूटचं गाव, बंगालचा ताग जहाजानं तिथं जायचा, देवमाशाच्या तेलानं मऊ करायचे आणि गिरण्यांत पोत्याचं कापड विणायचे, गिरण्यांत बायकाच जास्त कामाला, आणि पुढं त्याच डंडीचे मिस्त्री-मॅनेजर कलकत्त्याला हुगळीकाठी गेले अन् तिथल्या गिरण्यांनी डंडीचा धंदा खाल्ला. गिरण्या बंद पडणं म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. तर तिच्या हॉस्पिटलात एक बाई आहेत, त्यांच्या घरात एवढंच माहीत की खापरपणजोबा इंडियात रेल्वेत होते आणि ‘शोलापोर’ला वारले. भाचीनं ते ऐकलं आणि म्हणाली, अहो ते तर आमचं गाव! झालं, मामाच्या गळ्यात काम पडलं.

आता त्या बाईनं तिकडं घरबसल्या काय काय काढलं ते बघा. एडिनबरोला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड म्हणून सरकारी दप्तर आहे, त्यांची स्कॉटलंड्सपीपल नावाची वेबसाईट. नाव शोधायला पैसे पडत नाहीत, मूळ पानाचा फोटो बघायचा तर दीड पौंडाच्या आसपास. १ जानेवारी १८५५ पासून तिथं जन्म, लग्न, मृत्यू तिन्हीची सरकारी नोंद सक्तीची झाली आणि पहिल्या वर्षी तर त्यांनी कमालच केली, मूल जन्मलं की आईबापाचं वय, त्यांची जन्मगावं, त्यांचं लग्न कधी कुठं झालं, आधीची मुलं किती, त्यातली जिवंत किती, सगळं विचारून लिहिलं. रजिस्ट्रार लोकांचा जीव मेटाकुटीला आला असणार कारण १८५६ ला त्यातले बरेच रकाने काढून टाकले, लग्नाची तारीख मग १८६१ पासून परत लिहायला लागले. त्यामुळं ज्याच्या घरात नेमकं १८५५ साली कोणी जन्मलं नाहीतर वारलं तो नशीबवान समजतात.

मला सगळ्यात जास्त काय भावलं सांगू का, तिथल्या मृत्यूच्या नोंदीत मेलेल्याच्या बापाचं नाव असतंच पण आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासकट असतं. लग्न झालेली बाई असली तर तिच्या नोंदीत माहेरचं आणि सासरचं दोन्ही आडनाव. जुन्या थडग्यांवर पण बऱ्याचदा बाईचं माहेरचंच आडनाव कोरलेलं. म्हणजे एक पान हातात आलं की दोन घराण्यांचा धागा मिळाला. आपल्याकडं बघा, मी लहान असताना आमच्या दारात हेळवी यायचा, बैलावर बसून, आणि आमच्या घराण्याच्या सात-आठ पिढ्या धडाधड म्हणून दाखवायचा, पायली-दोन पायली ज्वारी घेऊन जायचा. त्याच्या तोंडपाठ यादीत एक बाई नव्हती. पंढरपूरला क्षेत्रोपाध्यांच्या वहीत आमच्या पणजोबांची सही आहे, पणजीचं नुसतं ‘सौ.’ एवढंच. तिचं माहेर कुठलं, बाप कोण, आता सांगणारं कोणी राहिलं नाही, आणि लग्नात नाव पण बदलायची पद्धत, त्यामुळं ती बाई कागदावरून पुसलीच गेली म्हणायची. स्कॉटलंडच्या गिरणीत पोत्याचं कापड विणणाऱ्या बाईचं माहेर दीडशे वर्षांनी सापडतंय आणि आमच्या पणजीचं नाही, हे काय बरं वाटत नाही.

१८५५ च्या मागं जायचं तर मग चर्चच्या वह्या. सगळ्यात जुनी पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ सालची. पण तिथं सगळं गोड आहे असं समजू नका. त्यात जन्म नाही तर बाप्तिस्मा लिहिलेला, लग्न नाही तर लग्नाची चर्चमध्ये केलेली जाहीर घोषणा, काही गावांची वर्षंच्या वर्षं कोरी. १७८३ ला सरकारनं प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा टॅक्स बसवला, तर गरिबांनी नोंद करायचंच सोडून दिलं, १७९४ ला टॅक्स गेला पण मधली मुलं वहीत नाहीत ती नाहीतच. १८४३ ला चर्चमध्ये मोठी फूट पडली, ढीगभर लोक फ्री चर्चमध्ये गेले, म्हणजे त्यांची नावं सरकारमान्य चर्चच्या वहीत शोधून उपयोग नाही, दुसऱ्या वह्या धुंडाळा. आणि अक्षर! सोळाव्या-सतराव्या शतकाचं ते वळणदार अक्षर आजच्या स्कॉटिश माणसालाही लागत नाही, आपल्या मोडीसारखं ते पण शिकावं लागतं.

मृत्यूच्या वह्या तर बऱ्याच गावांत नव्हत्याच, मग माणूस कधी गेला ते कशावरून काढतात? तर शवपेटीवर अंथरायचं एक चांगलं कापड चर्चकडं असायचं, ते भाड्यानं द्यायचे, त्या भाड्याचा हिशेब लिहिलेला असतो. अमक्याच्या नावावर कापडाचं भाडं जमा, म्हणजे त्याच्या आसपास त्याच्या घरात मयत झालेली. चादरीच्या गावात राहून मला हे वाचताना लै मजा वाटली, माणूस गेल्याची नोंद नाही पण कापडाचा हिशेब पक्का!

आणखी एक भारी प्रकार म्हणजे किर्क सेशनची मिनिट्स. किर्क सेशन म्हणजे गावच्या चर्चची पंचायतच म्हणा, रविवारी दारू पिऊन कोण पडला, कोणाचं कोणाशी भांडण झालं, लग्नाआधी पोर झालं तर बाप कोण, हे सगळं बोलावून विचारून लिहून ठेवलेलं. २०२१ पासून यातली लाखो पानं वेबसाईटवर फुकट बघायला मिळतात, नावाची यादी नाही, पान पान उलटावं लागतं, पण जन्माच्या नोंदीत बापाची जागा रिकामी असली तर लोक इथंच शोधतात. ग्लासगोत मिचेल लायब्ररीमध्ये गरिबांना मदत दिल्याच्या फायली आहेत, मदत मागायला आलेल्याचं जन्मगाव, बायकोचं माहेर, मुलांची वयं सगळं त्यात. श्रीमंताचा इतिहास कुठंही मिळतो, तिथं भिकेला लागलेल्याचा पण मिळतोय.

आणि हे सगळं उघडं कधी करायचं त्याचा नियम साधा सरळ आहे. जन्माला १०० वर्षं झाली, लग्नाला ७५, मृत्यूला ५०, की पान ऑनलाईन बघायला खुलं. जनगणनेला १०० वर्षं. १८४१ पासून १९२१ पर्यंतची नावानिशीची जनगणना आज बघता येते. (गंमत म्हणजे इंग्लंड-वेल्सची १९३१ ची जनगणना १९४२ मध्ये आगीत जळाली, स्कॉटलंडची एडिनबरोला वेगळी ठेवलेली म्हणून वाचली.) टेबलावर बसलेल्या माणसाच्या मूडवर काही नाही.

तर आता आपले शोलापोरचे खापरपणजोबा. परदेशात मेलेला माणूस स्कॉटलंडच्या रजिस्टरात सहसा सापडत नाही. पण इथल्या पाद्र्यांना आपापल्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नोंदींची नक्कल वरती पाठवावी लागायची, ती मुंबई इलाख्याची बाडं लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. स्कॉटलंडात मालमत्ता ठेवून बाहेर वारलेल्याच्या वारसाचं प्रकरण एडिनबरोच्या कोर्टात चालायचं, त्याचे पण कागद आहेत. त्या बाईला इंडिया ऑफिसच्या नकलेत नाव सापडलं, गाव, तारीख, वय, धंदा, दफन करणाऱ्या पाद्र्याचं नाव. अट एकच, शोधताना गावाचं नाव आपण लिहितो तसं लिहून चालत नाही, शोलापोर, शोलापूर असली जुनी इंग्रजी स्पेलिंगं सगळी टाकून बघावी लागतात.

नक्कल लंडनला सापडली, मूळ गाव आपलं, म्हणून मी इथं शोधायला निघालो. स्कॉटिश माणसं सोलापूरला नवी नाहीत. १८१८ च्या मे महिन्यात आपला भुईकोट ज्यानं घेतला तो टॉमस मन्रो ग्लासगोचा, एल्फिन्स्टन स्कॉटिश, साताऱ्याचा ग्रँट डफ स्कॉटिश. मग इथं छावणी पडली, सदर बझार त्याच छावणीचा. १८६० ला जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे सोलापूरपर्यंत आली, १८७१ ला रायचूरला जाऊन मद्रासच्या लाईनला मिळाली, त्या कामावर ड्रायव्हर, फिटर, पूल बांधणारे कुठून कुठून आले आणि कॉलऱ्यानं, उन्हानं इथंच गेले.

एका कचेरीत गेलो (नाव लिहीत नाही, तिथल्या माणसाचा एकट्याचा दोष नाही). त्यांनी विचारलं, कोण लागतो तुमचा? म्हटलं कोणीच नाही. मग कशाला पाहिजे? याला मी काय उत्तर देणार. बंडलं वर माळ्यावर आहेत, याद्या नाहीत, साहेब आले की बघू. दफनभूमीत जाऊन आलो, जुन्या दगडांवरची अक्षरं पावसानं उडत चाललीत, काही दगड आडवे, काहींच्यावर बाभळ. तिथं राखण करणारे काका मात्र फार चांगले, त्यांनी स्वतः झुडपं बाजूला करून दगड दाखवले, तो एक काय मिळाला नाही.

लोक म्हणतील गोऱ्या साहेबाचं थडगं सापडलं काय नाही सापडलं काय, आपल्याला काय पडलंय. पण मूळ सोलापूरकर किती आहेत सांगा बघू, तेलंगणातून आलेला पद्मशाली विणकर, कर्नाटकातून आलेला, गिरण्यांच्या नोकरीसाठी खेड्यातून आलेला, सगळ्यांच्या पणज्या-पणजोबांची नावं त्याच माळ्यावरच्या बंडलात आहेत. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी यांची मस्टर बुकं आज कुठं आहेत कोणाला माहितीय का? डंडीच्या ज्यूट कंपन्यांचे कागद तिथल्या विद्यापीठाच्या दप्तरात नीट लावून ठेवलेत, आणि डंडी सिटी अर्काइव्हजचे मित्र म्हणून गावातल्याच लोकांचा ग्रुप आहे, त्यांनी दफनाच्या नोंदी टाईप करून लोकांना फुकट दिल्यात. सरकारची वाट बघत बसले नाहीत.

पैसा नाही, हे कारण मला मान्य आहे. कायदा पण आपल्याकडं उशिरा, जन्म-मृत्यू नोंद देशभर एकसारखी झाली ती १९६९ च्या कायद्यानं, म्हणजे आधीचं रेकॉर्ड तुटक असणारच. पण जे आहे त्याची नावांची यादी तरी करा. जन्माचं शंभर वर्षांपूर्वीचं आणि मृत्यूचं पन्नास वर्षांपूर्वीचं कोणालाही बघता येईल असा नियम लावा, फी घ्या, पन्नास रुपये घ्या पानाला. जुन्या नोंदीत जात असते, कोणी त्याचा गैरवापर करेल अशी भीती काहीजण घालतात, ती अगदीच खोटी नाही. पण उलटं पण बघा, खाडाखोड करून नवी नावं घुसवायचे प्रकार बंद वहीतच होतात, स्कॅन होऊन जगाला दिसलेल्या पानावर मागाहून कोणाला शाई फिरवता येत नाही. दफनभूमीतल्या दगडांचे फोटो काढायचं काम तर कॉलेजच्या एनएसएसची पोरं एका कॅम्पात करतील, सगळ्यांच्या खिशात मोबाईल आहेत, पुढच्या पावसाळ्याच्या आत झालं पाहिजे एवढंच.

मोडी येणारी मंडळी गावात आहेत. टायपिंगला मी आणि माझ्यासारखे रिटायर्ड चारपाच जण बसायला तयार आहोत, चहा आमचा आम्ही घेऊन येऊ. फक्त त्यासाठी अर्ज कोणत्या टेबलाला द्यायचा तेवढं संबंधितांपैकी कोणीतरी आपल्या पेपरातून कळवावं ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर