ठोकळ्यांच्या यंत्रमानवाचा दोष प्रोग्रॅममध्ये शोधू नका

संपादक महोदय,

लेगोच्या ठोकळ्यांचे यंत्रमानव आता कोकणातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनांतही दिसतात, हे पाहून आनंद होतो. पण परीक्षकांसमोर मॉडेल अडले की मुले लगेच लॅपटॉप उघडतात. दोष बहुतेक वेळा सांगाड्यात किंवा गिअरमध्ये असतो, आणि तोच भाग वर्गात सर्वांत कमी शिकवला जातो.

मुळात मापे पाठ हवीत. बीम म्हणजे भोकांची लांब पट्टी; तिच्यातल्या लगतच्या दोन भोकांचे अंतर ८ मिलीमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ आणि चपट्या प्लेटची ३.२. भोकांचे ठोकळे नुसते एकावर एक रचले तर वरखालच्या भोकांत ९.६ मिलीमीटर अंतर पडते, उभा बीम बसत नाही, मुले भोके जोडणारी पिन दाबून तोडतात. मध्ये दोन प्लेट घातल्या की ९.६ अधिक ६.४ म्हणजे बरोबर १६ होतात आणि उभ्या बीमचे पहिले व तिसरे भोक नेमके जुळते. असा उभा बीम लावलेला सांगाडा उचलला तरी सुटत नाही. तिरका आधार द्यायचा तर ३-४-५ चा त्रिकोण करावा. इथे हमखास चूक होते ती मोजण्यात: भोके मोजायची नाहीत, भोकांमधली अंतरे मोजायची. म्हणजे बीमवर भोके येतात ४, ५ आणि ६.

गिअरचेही तसेच. ८ आणि २४ दातांची जोडी १६ मिलीमीटरवर, म्हणजे भोकांच्या दोन अंतरांवर बसते. ८ आणि ४० ची तीन अंतरांवर. ८ आणि १६ ला मात्र १२ मिलीमीटर लागतात, त्यामुळे ती एका सरळ बीमवर जुळतच नाही.

मिरकरवाड्याच्या जेटीवर होडीतून मासळीची पाटी वर घेणारी क्रेन करायची आहे असे समजा. मोटरच्या ८ दातांच्या गिअरने २४ दातांचा गिअर फिरवून दोर गुंडाळला तर मोटर बंद होताच पाटी खाली घसरू लागते. इथे वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर हवा. वर्मचे २४ फेरे झाले की २४ दातांचे चाक एकदा फिरते, आणि चाक उलट वर्मला फिरवू शकत नाही, म्हणून पाटी जिथे थांबवली तिथेच राहते. रीळ १६ मिलीमीटर व्यासाचे असेल तर मोटरच्या २४ फेऱ्यांत दोर सुमारे ५ सेंटिमीटर येतो. काम संथ, पण खात्रीचे. वर्म स्वतःच्या दांड्यावर सरकतो, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना बुश, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या छोट्या कड्या लावाव्यात. त्या बीमला घट्ट भिडवू नयेत, कागदाएवढी फट ठेवावी. नाहीतर घर्षणानेच मोटर दमते. दांडा दोन्ही टोकांना बीममध्ये टेकलेला हवा. एकाच बाजूला टेकलेला दांडा ओझ्याने वाकतो, दात निसटतात आणि कट-कट आवाज येतो. तो आवाज आला की मोटर लगेच थांबवावी.

क्रेन पुढे कलंडत असेल तर बॅटरीचा डबा मागच्या टोकाला न्यावा. १६ सेंटिमीटरवर १०० ग्रॅम लटकत असतील तर मागे ८ सेंटिमीटरवर २०० ग्रॅम लागतात.

प्रोग्रॅममध्ये 'दोन सेकंद फिर' असे लिहू नये, फेरे किंवा अंश द्यावेत. सहा साध्या सेलचे ९ व्होल्ट, तर रिचार्जच्या सहांचे ७.२. सेकंदांवर चालणारे यंत्र सेल बदलले की वेगळ्याच जागी थांबते.

आपल्या खाऱ्या हवेत सेल आत ठेवून संच पावसाळाभर कपाटात टाकला तर पत्र्यांवर हिरवट-पांढरे साचते. मे अखेर सेल काढून ठेवावेत. सेल फुटून आलेली पांढरी पूड व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसावी, मग जागा कोरडी करावी. पुळणीवर मॉडेल चालवले असेल तर गिअरमधली वाळू ब्रशने झाडावी. सुटे ठोकळे कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत. मोटरला पाणी लावू नये.

लेगोच्या माइंडस्टॉर्म्स या यंत्रमानव संचांची विक्री २०२२ च्या अखेरीस थांबली म्हणून जुने संच भंगारात देऊ नयेत. ८ मिलीमीटरचे माप तेच आहे, त्यामुळे त्यांचे बीम आणि पिन नव्या संचांना बसतात.

परीक्षकांना विनंती, की बांधणीसाठी वेगळे गुण ठेवावेत. मॉडेल हातात उचलून हलवून पाहावे, आणि मोटर काढून दांडा हाताने फिरवायला सांगून मुलांना विचारावे, इथे किती दात आहेत आणि का?

— एक विज्ञान शिक्षक, रत्नागिरी