‘नवी प्रजाती’ म्हणण्यापूर्वी जुने नमुने पाहावेत

संपादक महाशय,

किनाऱ्यावर सापडलेल्या एखाद्या चिमुकल्या शिंपल्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर येते, हाताशी असलेल्या पुस्तकांत तो मिळत नाही आणि लगेच ‘नवी प्रजाती सापडली’ अशी बातमी होते. ही घाई टळावी, या कळकळीने हे पत्र लिहीत आहे.

कॅलिफोर्नियातील एक उदाहरण येथे मुद्दाम देतो. सांता बार्बराजवळच्या नेपल्स पॉइंट येथे नोव्हेंबर 2018 मध्ये ओहोटीच्या वेळी दगड उलटून समुद्री गोगलगाई शोधत असताना सागरी जीवांचे अभ्यासक जेफ गॉडर्ड यांना जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचे दोन अर्धपारदर्शक शिंपले दिसले. त्यांतील प्राण्याचा पांढरा, पट्टेदार पाय शिंपल्याहूनही लांब बाहेर येत होता. त्यांनी छायाचित्रे काढून ते प्राणी जागीच राहू दिले. सांता बार्बरा निसर्ग-इतिहास संग्रहालयातील शिंपल्यांचे जाणकार पॉल व्हॅलेंटिक-स्कॉट यांनाही ती छायाचित्रे ओळखता आली नाहीत आणि प्रजाती नवी असावी असेच वाटू लागले. मात्र नुसत्या छायाचित्रावर निर्णय देण्याऐवजी प्रत्यक्ष नमुन्याची वाट पाहिली गेली. तो मार्च 2019 मध्ये मिळाला. पुढे जुने साहित्य चाळताना शिंपल्यांचे अभ्यासक जॉर्ज विलेट यांचा 1937 मधील निबंध हाती आला. लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्समधील जीवाश्म शिंपल्यांवरून त्यांनी एका प्रजातीचे वर्णन केले होते आणि ते जीवाश्म गोळा करणाऱ्या एडना कुक यांचे नाव तिला दिले होते. विलेट यांनी वापरलेले मूळ नमुने लॉस एंजेलिसच्या संग्रहालयातून मागवून शेजारी ठेवले, तेव्हा दोन्ही एकच ठरले. नामशेष मानली गेलेली ‘सिमाटिओआ कुकी’ जिवंत असल्याचे 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. संग्रहालयाने ते शिंपले जपले नसते, तर त्याच प्राण्याला आज दुसरे नाव मिळाले असते!

हा निकाल शिंपल्यानेच दिला, कारण जीवाश्मात प्राण्याचे मऊ अंग उरत नाही. म्हणून शिंपला कसा पाहावा, हेही सांगायला हवे. रंग आणि बाह्य आकार फसवतात. खरी ओळख बहुधा आतल्या बाजूला असते. शिंपल्याची दोन्ही पुटे, म्हणजे दोन झाकणे, ज्या ठिकाणी जोडलेली असतात, तेथील बिजागरीचे दात (एकमेकांत अडकणारे उंचवटे) किती व कसे आहेत, डाव्या आणि उजव्या पुटात ते वेगळे आहेत का, स्नायू चिकटलेल्या जागांच्या खुणा कोठे आहेत आणि त्यांना जोडणारी रेषा सलग आहे की मागच्या बाजूला आत वळते, हे दहापट भिंगाखाली तपासावे लागते. लाटांनी घासलेल्या शिंपल्यात हे दात झिजून गेलेले असतात आणि मग कोणाही तज्ज्ञाचा नाइलाज होतो. शिवाय लहान शिंपला म्हणजे लहान प्रजाती, असे नव्हे. तिसऱ्यांची पिल्लेही पाच मिलिमीटरचीच असतात. दोन्ही पुटे एकत्र ठेवून गोड्या पाण्याने धुवावीत, अॅसिड मुळीच लावू नये आणि ठिकाण, तारीख व कोणत्या दगडाखाली किंवा वाळूत मिळाला, हे पेन्सिलीने लिहून चिठ्ठी सोबत ठेवावी.

आपल्याकडे ही खबरदारी अधिकच गरजेची आहे. अलेक्झांडर अॅबरक्रॉम्बी यांनी मुंबईत गोळा केलेल्या समुद्री शंख-शिंपल्यांवरून ब्रिटिश अभ्यासक जेम्स कॉस्मो मेल्व्हिल यांनी 1893 मध्येच 25 नव्या प्रजातींची वर्णने प्रसिद्ध केली होती. मेल्व्हिल यांचा मोठा संग्रह आज वेल्समध्ये, कार्डिफच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यामुळे मुंबई-कोकणचा शिंपला ‘अज्ञात’ ठरवण्याआधी परदेशातील कपाटे उघडावी लागतात, आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला ते कसे जमावे?

यासाठी दोन विनंत्या आहेत. विद्यापीठांनी व प्राणिशास्त्र विभागांनी आपल्या संग्रहांतील शिंपल्यांची आतल्या बाजूची, बिजागरी स्पष्ट दिसेल अशी छायाचित्रे सर्वांसाठी खुली करावीत. आणि नव्या प्रजातीची बातमी छापण्याआधी आपल्या वार्ताहरांनी संशोधकांना एवढे अवश्य विचारावे, की वर्णन कोणत्या शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले, मूळ नमुना कोणत्या संग्रहात जमा केला आणि तो कोणत्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिला. वर्णनच प्रसिद्ध झालेले नसेल, तर ‘ओळख न पटलेला शिंपला’ असे छापावे. त्यात कोणाचाही कमीपणा नाही.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, मालवण