शनिवारच्या पार्टीचे मेक्सिकन स्टार्टर्स
मंडळी, सगळं न शिजवता करायचंय म्हणून आधीच सांगते. ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी) ज्यांच्याकडे आहे त्यांनी अवोकाडो घरून कुस्करून आणू नका प्लीज, हवा लागली की काळं पडतं, इथे येऊनच कुस्करा, वर लिंबू पिळा, कांदा कोथिंबीर मिरची मीठ घाला, बास, मस्त लागतं. साल्सा म्हणजे चिप्ससोबतची टोमॅटोची चटणी, तिच्यासाठी टोमॅटोच्या बिया काढा आणि मीठ अगदी शेवटी, नाहीतर पाणी सुटून चिप्स मऊ पडतात. टॉर्टिया (मेक्सिकन पोळी) रोल मात्र आदल्या रात्रीच क्रीम चीज लावून घट्ट गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, मग कापताना सुटत नाहीत. चीज, सावर क्रीमवालं काहीही 2 तासांपेक्षा जास्त बाहेर नको हं. कोण काय आणतंय ते उद्यापर्यंत इथे टाका.